पितळी खाच

कुंता दुर्गेला निवांत बसलेलं वडशात फारसं कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानाही ती एक गुडघा उभाच ठेवी, हाक आली की उठायला बरं. आरोग्य केंद्रात नर्स होती. वाट्याला आलेल्या गावांना ती सायकलवर जाई आणि चढ आला की उतरून सायकलच्या पुढे चालल्यासारखी चाले. तिची आई केसरबाई शेजारणींना सांगे, "पोटात होती तवापासून अशीच हाये बाप्पा. एका कुशीवर मले नीजू नाई देल्लं."

ती थांबे ते एकाच ठिकाणी. रेल्वेलाईनच्या पलीकडे गिट्टीची एक बंद पडलेली खदान होती. तिथं खदानीच्या भिंतीला कागदाचा गोल टांगलेला असे, आणि पंचवीस मीटरवर कुंता उजवा हात लांबवून उभी राही. हातात जुनं विलायती पिस्तूल, बावीस बोअरचं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक उंचवटा, मागच्या खाचेत बसली, दोन्हींचे माथे एका रेषेत आले, की तिचे खांदे खाली उतरत. साडीचा पदर वाऱ्यानं हलायचा. बाकी काही हलत नसे. गोळी सुटली की पुन्हा तीच चुळबुळ. पाय बदलणं, केस मागे सारणं, लांबूनच भोक शोधणं.

पिस्तूल तिचं नव्हतं. ते बापूजी टेंभुर्णे यांच्या मंडळाचं. बापूजी फौजेतून हवालदार म्हणून घरी आले आणि त्यांनी वडशात नेमबाजी मंडळ काढलं. सुरुवातीला पोरांची रीघ होती. मग कुणी पोलिसात गेलं, कुणी बल्लारपूरला कामाला लागलं, कुणाला हिवाळ्यातल्या नाटकांचा नाद लागला. कुंता मंडळात आली ती अपघातानंच. बापूजींच्या पायाची जखम बांधायला ती रोज जायची. एकदा ते पिस्तूल पुसत होते, तेव्हा पट्टी अर्धवट सोडून म्हणाली, "भाऊ, मी मारून पाहू काय?"

"पट्टी तं बांध आधी. मंग मार."

तीन वर्षांनी मंडळात उरले दोघंच. बापूजी शिकवणारे आणि कुंता शिकणारी.

त्या साली फाल्गुनात बापूजींनी तिला एक गोष्ट सरळ सांगून टाकली. मुलगा भिलाईला बोलावत होता. गुडघे आता खदान नीट चढू देत नव्हते. महिन्याभरात नागपूरला राज्याच्या स्पर्धेसाठी विभागाची निवड होती. "तुही निवड झाली तं मंडळ जित्तं हाये म्हणता येते. मी इथीच राहीन, पिस्तूलई राहील. नाई झाली तं ठाण्यात जमा करतो अन् जातो. एका माणसासाठी हत्यार घरात ठेवाचे दिवस नाई राह्यले."

दिवस खरंच तसे नव्हते. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जंगलात हत्यारबंद माणसं फिरतात असं लोक हळू आवाजात बोलत. फटाका वाजला तरी माणसं दार लावून घेत.

कुंतानं मान डोलावली. ती सरावाला रोज जाऊ लागली. आणि तिथंच तिची घाई तिला नडली.

गोळ्या थोड्या डावीकडे लागत होत्या. बापूजी म्हणाले, रविवारी निवांत बसून खाच सरकवू. मागची खाच म्हणजे बोटाच्या पेराएवढी लोखंडी पट्टी. तिचा पाय नळीवरच्या आडव्या खोबणीत बसलेला. खोबण तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, म्हणून पट्टी वर उचलून निघत नाही, फक्त बाजूला सरकते. गोळी उजवीकडे न्यायची तर पट्टी उजवीकडे सरकवायची, एवढं कुंताला माहीत होतं. रविवार फार लांब वाटला. बापूजी सावलीत डोळा लावून बसलेले पाहून तिनं एक खिळा आणि दगड घेतला आणि डावीकडून दोन ठोके दिले.

पट्टी सरकली. गोळ्या मधे लागू लागल्या. कुंता हरखली. सातव्या-आठव्या गोळीला तिला समोर फक्त माशी दिसली. मागे काहीच नव्हतं, पट्टी निसटून पडली होती.

दोघांनी दिवस मावळेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी कुंता घरून चाळणी घेऊन गेली आणि पायाखालचा मुरूम चाळत बसली. तिसऱ्या दिवशी केसरबाई तिथवर आली.

"माही तांदळाची चाळणी बंदुकीले लावली काय व?"

"धुऊन देते ना."

"धुशील, पण भातात गोटा निघाला तं तुलेच चावाले लावीन."

पट्टी सापडली नाही. नागपूरच्या दुकानातून निरोप आला की हे पिस्तूल बनवणारी कंपनीच आता नाही, त्याचा सुटा भाग कुठून येणार? कुंतानं खाचेशिवाय मारून पाहिलं. कागदावर देवीचे फोड उठावेत तशी भोकं विखुरली.

"खेड्यातल्या ठासनीच्या भरमार बंदुकीले कुठी असते मागची खाच?" ती चिडून म्हणाली. "नुसत्या माशीवर डुक्कर पाडतेत लोकं."

"डुकराचं पोट अन् हा काळा गोल एकच होय काय, बाई?" बापूजी म्हणाले. रागावले नव्हते. ते रागावले नव्हते याचंच तिला जास्त लागलं. त्यांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं, तेव्हा त्या फडक्याला त्यांनी नेहमीपेक्षा एक वेढा जास्त दिला असं तिला वाटलं.

घरी येऊन तिनं सारवलेली जमीन पुन्हा सारवली.

उपाय तिला सुचला तो ड्युटीवर. कुरखेड्याच्या वाटेवर एका गावाच्या कडेला ओताऱ्यांची चार घरं होती. पितळ ओतून बैलांच्या घंट्या, दिवे, देवीच्या मूर्ती करणारी माणसं. त्यांतल्या म्हाताऱ्या ठमाबाईच्या मनगटावर वितळलेलं पितळ उडालं होतं आणि कुंता आठवड्याला पट्टी बदलायला जायची. त्या दिवशी म्हातारी डाव्या हातानं मेणाचा बैल करत होती. राळ घातलेलं काळसर मेण, त्याच्या सुतासारख्या बारीक वळ्या, त्या वळ्यांचं अंग. त्यावर मातीचा लेप चढे. भट्टीत मेण जळून जाई आणि त्याच्या रिकाम्या जागेत पितळ उतरे. मेणाचा जो आकार तोच पितळेचा.

कुंताचे हात पट्टीवरच थांबले. "बाई, काहीई करून देता काय पितळेचं?"

"माणूस सोडून काईई."

सराव आणि स्पर्धा सोडून पिस्तूल बापूजींच्या घराबाहेर नेता येत नव्हतं. त्यांनी ते नेऊही दिलं नसतं. पण मेण नेता येत होतं. बापूजींनी आधी ऐकूनच घेतलं नाही. "घंट्या ओतनारी बाई पिस्तुलाचं काम करनार! अन् मंग गोळी मारली का टनटन वाजंल." कुंता दारात उभी राहिली, आत आली, पुन्हा दारात गेली. शेवटी तेच म्हणाले, "थांब व एका जागी. मले घेरी येऊन राह्यली."

त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं. वर्तमानपत्र पसरलं. कुंतानं मऊ केलेलं मेण खोबणीत दाबलं, वर पट्टीचा उभा भाग ठेवला, त्यात मधोमध काडीनं खाच पाडली. "उंच ठेव," बापूजी म्हणाले, आता त्यांनाही चेव आला होता. "मागची पट्टी उंच तं गोळी वर. जास्तीचं घासून खाली आनता येते. घासलेलं परत लावता नाई येत." गार झाल्यावर त्यांनी ते मेण अलगद बाजूला सरकवत बाहेर काढलं.

उन्हं तापली होती. मेण एसटीत नेलं तर वितळणार. कुंतानं ते पळसाच्या पानात गुंडाळून पाण्याच्या तांब्यात सोडलं आणि तांब्या मांडीवर धरून बसली. मधे नाक्यावर बस थांबली. शिपाई आत चढला, एकेक पिशवी पाहू लागला. तिचं बूड सीटला टेकेना. काही चुकीचं करत नाही हे तिला माहीत होतं, आणि तरी तिनं तांब्या घट्ट धरला.

"तांब्यात काय आहे?"

"मेण."

त्यानं तिच्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं, तांब्यात पाहिलं. "औषधाचं?"

"नाई. ओताऱ्याकडं नेऊन राह्यली. काम हाये."

"बरं, झाकून न्या, बाई. धूळ फार आहे," म्हणून तो उतरला.

ठमाबाईनं ते मेण तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं. "हे कोनाचं नाक होय?"

कुंतानं सांगितलं. म्हातारीला पिस्तूल कळलं, पण खाच कशाला हे कळलं नाही. ती कामाला लागली. वारुळाची माती वस्त्रगाळ करून पहिला पातळ लेप, मग भुसा घातलेला जाड. साचा सावलीत ठेवला. "उद्या आनखी एक लेप, परवा भट्टी. घाई नोको," म्हणून ती पाणी आणायला गेली.

कुंतानं साच्याला बोट लावून पाहिलं. ओला. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. ओलाच. अंगणात ऊन रखरखत होतं. सावलीतून उन्हात न्यायला चारच पावलं लागली. म्हातारीची पावलं वाजली तशी तिनं तो परत जागेवर ठेवला.

दोन दिवसांनी भट्टी झाली. पितळ साच्यात ओतलं आणि ते खालून राखेत झिरपलं. साच्याला केसाएवढी चीर होती.

"कोनं सरकवला?" ठमाबाईनं राखेकडे पाहतच विचारलं.

"मी. उन्हात ठेवला."

"काऊन?"

"लवकर वाळन म्हनून."

"अडलेल्या बाईले असंच म्हनते काय व तू? लवकर कर, लवकर कर?"

"म्हनते ना," कुंता म्हणाली. "लय म्हनते."

म्हातारीला हसू आवरेना. मनगटाची पट्टी पोटाशी धरून हसली. पण मेण जळून गेलं होतं. एक साचा म्हणजे एक मेण. पुन्हा वडशाला, पुन्हा बापूजींचं वर्तमानपत्र, पुन्हा तांब्या. निवडीला आठवडा राहिला होता.

दुसऱ्या खेपेला ठमाबाईनं साचा ठेवला आणि कुंताच्या पुढ्यात मेणाचा गोळा टाकला. "हे वळ. सुतासारखं. तुटलं का पयल्यापासून." कुंतानं वळायला घेतलं. तुटलं. पुन्हा घेतलं. साचा वाळत होता आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही असं नव्हे. पण दोन्ही हात गुंतलेले होते. पुढच्या चार दिवसांत ड्युटी संपवून ती रोज आली. बैलाच्या शिंगांपुरतं सूत कसंबसं झालं.

या वेळी पितळ जागेवर राहिलं. माती फोडल्यावर निघालेली वस्तू ठमाबाईनं चिंचेच्या पाण्यात धुतली, राखेनं घासली आणि पुढे केली. कुंता पाहतच राहिली. खाच होती, पाय होता, सगळं मेणासारखंच होतं. फक्त खाचेच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या कणीएवढे दोन गोल मणी होते. कुंतानं आणलेल्या मेणात ते नव्हते.

"हे काय, बाई?"

"डोये. मीच लावले मेनावर. आमच्या घरची रीत हाये. बिनडोयाची वस्तू मी घरातून जाऊ देत नाई. घंटीलेई असतेत, पाह्य." खरंच, दारावरच्या घंटीवर दोन मणी होते. "काढजो नोको. आंधळं करून वापरू नोको."

"नाई काढत," कुंता म्हणाली. तिला निघायची घाई होती.

पट्टीचा पाय खोबणीला किंचित जाड झाला होता, ते बरंच होतं. बापूजींनी कानसीचे हलके हात दिले, लावून पाहिली, पुन्हा हात दिले. मग उजव्या बाजूनं, लाकडी खुंटीवर हातोडीचे बारीक ठोके देत आत बसवली. "उजवीकडून आत, डावीकडून बाहेर. हे ध्यानात ठेव, आता तरी." पट्टी अशी बसली की नखानं हलेना. काळ्या नळीवर ती पिवळीधमक दिसत होती.

खदानीत पहिल्या गोळ्या वर लागल्या. माथा घासून त्या खाली आणल्या. पण मधे काही येईनात. सूर्य खांद्यामागून येई आणि ते दोन मणी चमकत. कुंताची नजर माशीवर ठरायच्या आधी त्यांच्यावर जाई, तिथून परत येई, तोवर हात थकलेला. तिनं दिव्याची काजळी धरली, खाचेला आणि मण्यांना लावली. चार गोळ्या बऱ्या गेल्या. मग घामाच्या अंगठ्यानं काजळी पुसली आणि मणी पुन्हा चमकले.

बापूजींनी कानस पुढे केली. "दोन हात. संपलं."

"नाई म्हनून आली मी तिले."

"तिले कुठी दिसनार हाये?"

कुंतानं कानस हातात घेतली. खाली ठेवली. पुन्हा घेतली. ते मणी तिला काढायचे होते. आत्ता, याच क्षणी. निवड परवावर आली होती. मग कानस तिनं बापूजींच्या हातात दिली आणि सायकल काढली. कुरखेड्याच्या वाटेला बस मिळेपर्यंत ती थांबली नाही, पायडल मारत राहिली, बस मागून आली तेव्हा हात दाखवून सायकल टपावर टाकली.

ठमाबाईला तिनं जे होतं ते सांगितलं. पिस्तूल इथवर आणता येत नाही, पट्टी पुन्हा काढली तर ढिली होईल, आणि डोळे ठेवले तर तिला मधलं काही दिसत नाही. म्हातारी हातातलं मेण खाली ठेवून उठली. मग आत गेली, लुगडं बदलून बाहेर आली. "चाल. पाह्यते कुठी बसवलं ते."

बापूजींनी ठमाबाईला खुर्ची दिली. ती जमिनीवर बसली. त्यांनी पिस्तूल रिकामं करून दाखवलं, दोनदा.

"हेच ते पिस्तूलवाले भाऊ काय?" तिनं कुंताला विचारलं. "मले वाटलं मोठ्या मिशा असतीन."

"होत्या," बापूजी म्हणाले. "फौजेत ठेवल्या, परत नाई देल्ल्या."

कुंतानं तिला पिस्तूल धरायला शिकवलं, बोट घोड्यापासून लांब. ठमाबाईनं एक डोळा मिटला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. तिच्या जखमी हाताला कुंतानं खालून आधार दिला. म्हातारी पाहत राहिली. दाराच्या उन्हात मणी चमकत होते.

"हे पाह्याची वस्तू नाई," ती शेवटी म्हणाली. "हेच्यातून पाह्याचं हाये. मी येडी, घंटी समजली."

तिनं कानस मागितली. बापूजींनी दिली. तिनं स्वतःच्या हातानं एक मणी घासला, मग दुसरा. पडलेला पितळेचा कीस वर्तमानपत्रावरून पदराच्या टोकात बांधून घेतला. "पुढच्या घंटीत घालीन," म्हणाली, आणि चहा न घेताच निघाली, कारण शेवटची बस चुकली असती. कुंता तिला सोडायला स्टँडपर्यंत गेली. बस सुटताना म्हातारीनं खिडकीतून हात काढून तिच्या डोक्यावर टेकवला की नुसता झटकला, ते गर्दीत नीट कळलं नाही.

नागपूरला स्त्रियांच्या गटात नऊ जणी होत्या. बाकीच्यांची पिस्तुलं नवी होती. एकीनं वाकून कुंताची पितळी पट्टी पाहिली आणि मैत्रिणीला कोपर मारलं. कुंताला ते दिसलं. पहिल्या फेरीत ती घाई करत गेली आणि सहावी राहिली. दुसऱ्या फेरीत मधेच कुणाची तरी गोळी अडकली. पंचांनी सगळ्यांना पिस्तूल खाली ठेवायला लावलं. मेजावर पिस्तूल, हात मोकळे, उन्हं उतरणीला. किती वेळ गेला तिला कळलं नाही. अंगठ्यानं आणि तर्जनीनं ती हातात नसलेलं मेणाचं सूत वळत होती. शेवटी इशारा झाला. तिनं हात उचलला. काजळी धरलेल्या पट्टीत माशी सरळ येऊन उभी राहिली.

तिघी निवडल्या गेल्या. तिसरं नाव कुंताचं होतं. पुढे राज्याच्या स्पर्धेत तिचा नंबर बराच खाली लागला, आणि त्याबद्दल ती कधी फारशी बोलली नाही. पण त्या संध्याकाळी ती मैदानाबाहेर आली तेव्हा बापूजी लिंबाखाली शेंगदाणे सोलत बसले होते. तिनं काही सांगायच्या आधी त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कितवी?"

"तिसरी."

"किती घेनार होते?"

"तीनच."

बापूजींनी टरफलं झटकली, हळूहळू उठले, गुडघा धरून जरा उभे राहिले. "म्हंजे भिलाईले तार कराले लागते. पोरगा स्टेशनावर येनार होता मले घ्याले."

"काय लिहायचं तारेत?"

"लिही, बाबा येऊन नाई राह्यला. काम हाये."